पानाबाईंची सही

वाशीमला नळ आले तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाले ती मी, हे आधीच कबूल करून टाकते. खोटं कशाला बोलू? रिठदहून लग्न होऊन आले त्या दिवसापासून बारा वर्षं मी आमच्या दुकानामागच्या विहिरीचं पाणी शेंदलं होतं. तळहातांना दोराचे घट्टे पडले होते. नव्या कॉलनीतल्या लोकांनी अर्जांवर अर्ज करून नळाची लाइन गावात आणवली, ती आमच्या चौकापर्यंत पोचली, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात आशीर्वाद दिले. दिलेले आशीर्वाद परत मागता येत नाहीत. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मी एकेकाच्या दारात उभी राहून ते परत मागितले असते.

कॉलनी म्हणजे गावाबाहेर, जिथे परवापरवापर्यंत ज्वारी उभी असायची तिथली. पाच-सहा वर्षांत तिथे बंगले उभे राहिले. बँकेचे साहेब, इंजिनेर, कॉलेजातले प्रोफेसर. कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं, एकदोघं तर थेट मुंबईचे. त्यांच्यामागून फॅशन आली. आमच्या चौकातला शिंपी बेलबॉटम शिवायला लागला, कॉलेजातली पोरं कानाखाली बोटभर कल्ले ठेवायला लागली, पोरी बिनबाह्यांचे झंपर घालून सिनेमाला जायला लागल्या. त्याचा मला राग नव्हता. मीही एक नायलॉनची साडी घेतलीच. राग यायचा तो त्यांच्या बोलण्याचा. "वाशीम आता कुठे राहण्यासारखं झालंय," असं ती माणसं आमच्याच दुकानात, आमच्याच गादीवर बसून, आमचंच कापड चिमटीत धरून म्हणायची. मग आम्ही इतक्या पिढ्या काय उकिरड्यावर राहत होतो? कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात, ती हीच मंडळी.

बरं, त्यांना आमचं गाव आवडायचंही, आणि ते तर आणखी झोंबायचं. रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवून आमच्या गल्लीत यायचे. शेजारच्या उस्मानभाईंच्या बकरीचा फोटो, आमच्या दाराच्या कडीचा फोटो, पापड वाळवताना माझा फोटो, तोही न विचारता. एकदा मी डोक्यावरून पदर पुढे ओढला तर म्हणतात कसे, "तसाच राहू द्या, छान दिसतोय." जशी काही मी त्यांच्यासाठीच पदर घेत होते.

आमचं घर म्हणजे पुढे कापडाचं दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे उघडी जागा आणि त्या जागेत विहीर. चौकाला लागून. माझे सासरे पूनमचंदजी वारले तेव्हा ती जागा सासूबाईंच्या नावावर झाली. सासूबाईंचं नाव पानाबाई. घरात मुलगा, सून, नोकर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. साठीच्या अलीकडच्या, काटक, दुकानात बसल्या तर गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ न देणाऱ्या.

विहिरीला दोन चाकं होती. उगवतीकडचं आमचं, मावळतीकडचं उस्मानभाईंच्या घराचं आणि त्यांच्या मागच्या तीन-चार मुसलमान घरांचं. उस्मानभाई पत्र्याच्या पेट्या बनवायचे. दिवसभर त्यांची ठोकाठोक चालायची. त्यांची बायको सरवरी आणि आमच्या बाई, दोघी दोन बाजूंनी दोर ओढत तीस वर्षं एकमेकींशी बोलत आल्या होत्या. पोरांचे ताप, सुनांची बाळंतपणं, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळं त्या विहिरीवर ऐकायला मिळायचं. त्यात सारं गोडच होतं असं नाही. सरवरीची घागर चुकून आमच्या चाकाला लागली तर बाई दोर धुवून काढायच्या, आणि सरवरीही ते बघून न बघितल्यासारखं करायची. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. पण पाणी दोघींचं एकच होतं, आणि ते कोणी कोणाचं बंद केलं नव्हतं.

आता बाईंच्या पाण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. आम्ही जैन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाही. गाळून झालं की फडक्यावर जे बारीक जीव राहतात त्यांना आम्ही जिवाणी म्हणतो. ते गटारात ओतायचे नाहीत. फडकं उलटं करून, वर गाळलेलं पाणी ओतून ते लोट्यात उतरवायचे आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही वरून फेकायचे नाहीत, आपटून मरतील. बाईंच्या पितळी लोट्याच्या बुडाला एक कडी होती. त्या कडीमुळे लोटा सरळ खाली जायचा, पाण्याला टेकला की बाई दोराला हलका झटका द्यायच्या आणि लोटा अलगद पालथा व्हायचा. रोज, दोन वेळा. सासरे गेल्यावर त्यांनी मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता, की ज्या पाण्याची जिवाणी परत सोडता येते तेच पाणी प्यायचं, मरेपर्यंत.

नळ आला तेव्हा मी म्हटलं, "बाई, आता नळाचंच गाळून प्या ना."

बाई म्हणाल्या, "अन् जिवानी कुठी सोडू? नळाच्या तोंडात?"

नळाचं पाणी कुठल्या तलावातून येतं हेही आम्हाला धड माहीत नव्हतं. मग घरातलं धुणं-भांडं नळाचं आणि बाईंचं पिणं विहिरीचं, असं ठरलं. मी दिवसाला दोनच घागरी शेंदायची. माझं निम्म्याहून जास्त काम वाचलं आणि बाईंचा नियमही राहिला. सगळ्यांचं भागत होतं.

पण कॉलनीवाल्यांचं भागत नव्हतं. त्यांनी 'नगर सौंदर्य मंडळ' काढलं. अध्यक्ष झाले कॉलेजातले एक प्रोफेसर, पुण्याचे. माणूस मवाळ, आवाज चढवून बोलणं नाही, बाईंना "मावशी" म्हणायचा. वाईट माणूस असता तर मला आज इतका राग आला नसता. चौक सुंदर करायचा म्हणून या लोकांनी जुने ओटे फोडले, ज्यावर म्हातारी माणसं संध्याकाळी बसायची. मग त्यांची नजर आमच्या मागच्या जागेवर गेली. म्हणे, चौकात बसून गप्पा मारायला एकही चांगली जागा नाही! अहो, ओटे कोणी फोडले?

१९७४ च्या मार्च महिन्यात एक दिवस प्रोफेसरसाहेब आमच्या दुकानात आले. बरोबर आमचे हे, म्हणजे माझे यजमान देवेंद्रकुमार. हल्ली यांचं कॉलनीत फार जाणं-येणं होतं. यांनीही कल्ले ठेवले होते, आणि 'थँक्यू' म्हणायला शिकले होते.

त्याच्या आधीच्या आठवड्यात विहिरीत एक खार पडून मेली होती. विहिरीच्या दगडांत पारवे घरटी करायचे. त्यांची पिलं अधूनमधून पडायची. असा जीव गेला की बाई त्या दिवशी उपास करायच्या. प्रोफेसर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मावशी, परवा विहिरीत खार पडून मेली म्हणे. किती वाईट! उघड्या विहिरीत असे किती जीव जात असतील! आपण तिला छान सिमेंटचा स्लॅब टाकून झाकली तर?"

बाईंचा चेहरा तिथेच पालटला. "खरंच झाकता येते?"

"का नाही? मंडळ करून देईल. तुम्ही फक्त सही करायची."

"पन मले पानी कसं भेटन?"

"मधे लोखंडी झाकण ठेवू ना. उघडायचं, पाणी काढायचं, पुन्हा लावायचं."

खारीची गोष्ट पुण्याच्या माणसाला कशी कळली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. घरातूनच गेली होती, दुसरीकडून कुठून जाणार? आमच्या यांनीच सांगितलं होतं, की बाईंना पैशानं, मोठेपणानं वळवता येणार नाही, जीवदयेनं येईल. पोटच्या पोरानं आईचा धर्म असा त्यांच्या हातात काढून दिला.

कागद मी वाचून दाखवला. मी सातवी पास आहे. मंडळाला योग्य वाटेल तसं विहिरीचं काम करून घ्यायला आणि जागेची सुधारणा करायला जागामालकिणीची हरकत नाही, असं त्यात होतं. मला वाटलं, कागदाची भाषा अशीच असते. बाईंनी पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत 'पानाबाई' लिहिलं आणि सही झाल्यावर कागदाला हात जोडले. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. खारीसाठी विहीर लिहून देणारं माणूस आमच्याच घरात सापडायचं.

सही घेऊन उठताना प्रोफेसरांनी बाईंच्या पायाला हात लावला.

एप्रिल लागताच काम सुरू झालं. चारी बाजूंनी पडदे बांधले, आतलं काही दिसेना, मजूर आले, चाकं उतरवली. सरवरीचंही चाक उतरवलं. तिला तर कोणी विचारलंसुद्धा नाही. स्लॅब पडला. मिस्त्री म्हणाला, "चार दिवस हात नका लावू, सुकू द्या." चार दिवस बाईंनी काय प्यायचं? गाळलेलं पाणी आमच्यात दोन घटकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या वर चालत नाही. उकळलं तर एक दिवस चालतं. शेवटी उस्मानभाई म्हणाले, "माह्या वावरात इहीर हाय. बहूले पाठवा, कोनी हात लावनार नाई."

त्यांचं वावर, म्हणजे शेत, रिठदच्या रस्त्याला, अर्ध्या कोसावर. मी सकाळी उजाडताच घागर, फडकं आणि बाईंचा तो लोटा घेऊन निघायची. तिथेच पाणी गाळायची, तिथेच जिवाणी सोडायची, घरी आणून लगेच उकळायची. एप्रिलातलं वऱ्हाडातलं ऊन काय असतं ते इथल्याच माणसाला ठाऊक. परत येताना डोक्यावरची घागर तापून जायची. चार दिवसांचे आठ झाले. आठाचे पंधरा झाले.

आणि पंधराव्या दिवशी पडदे निघाले. स्लॅबवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड ताणलेलं, खाली आठ टेबलं, लोखंडी खुर्च्या आणि पाटी: 'वेलकम कोल्ड्रिंक हाऊस'. एका कोपऱ्यात गाणी वाजवायचं यंत्र. स्लॅबच्या मधोमध पुरुषभर उंचीचं फ्रीज, बरोबर लोखंडी झाकणावर ठेवलेलं. मालक कोण? भागीदारीत बँकेतले एक साहेब आणि आमचे हे.

मी यांना विचारलं, "हे काय हाय?"

"आपलं दुकान हाय. जागा रिकामीच पडली होती ना."

"अन् बाईचं पानी?"

"फ्रीज सरकवू ना एखाद्या दिवशी. तू लय बोलून राह्यली, भागीरथी. लोकं ऐकतात."

लोकं ऐकतात! लोक ऐकतच होते. कॉलनीची जोडपी स्लॅबवर बसून नळ्यांनी संत्र्याचं सरबत ओढत गाणी ऐकत होती. त्यांच्या चपलांखाली सासऱ्यांच्या आजोबांनी खोदलेली विहीर होती आणि मी त्यांच्या देखत अर्ध्या कोसावरून पाणी आणत होते. एका बाईनं माझ्याकडे बोट दाखवून आपल्या नवऱ्याला सांगितलं, "बघ, अजूनही घागरी घेऊन जातात इथे." आणि तो कॅमेरा शोधायला लागला. मला वाटलं, ती घागर तिथेच त्याच्या डोक्यावर फोडावी. फोडली नाही, कारण बाई तहानलेल्या होत्या.

बाई रोज विचारायच्या, "झाकन उघडलं का व?"

मी म्हणायची, "उद्या उघडतील."

पण त्यांना कळत होतं. मला उन्हातून जावं लागतं म्हणून त्यांनी पाणी कमी केलं. दोन लोटे, मग दीड, मग एक. ओठ फुटले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या दुकानात गादीवरून उठताना भोवळ येऊन पडल्या. डोळे उघडल्यावर मी नळाचं पाणी तोंडाशी नेलं, तर त्यांनी दात घट्ट आवळून घेतले. त्या आवळलेल्या दातांसमोर मला माझीच लाज वाटली. नळ आला तेव्हा नाचले होते ना मी?

सकाळचं उकळलेलं लोट्यात तळाला होतं ते पाजलं. आणि तशीच उठून मागे गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते, सगळी टेबलं भरलेली. प्रोफेसर आणि त्यांची मंडळीही होती. सरवरी तिच्या दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "चाल माह्यासंगं."

ती चुलीवरचा तवा उतरवून आली.

आम्ही दोघींनी फ्रीजला पाठ लावली. यंत्रातलं गाणं चालूच होतं. आमचे हे धावत आले, "काय करून राह्यले तुमी? बाटल्या फुटतीन!"

"फुटू द्या," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत यांना उलट बोलायची ती पहिलीच वेळ. फ्रीज सरकलं, आत बाटल्या खळखळल्या, दोन फुटल्याही. खालचं झाकण गंजायला लागलं होतं. उस्मानभाईंनी त्यांची पहार आणून दिली. सरवरीनं आणि मी जोर लावला. झाकण उघडलं.

मी वाकून बघितलं. मला वाटलं होतं खाली काळोख दिसेल आणि काळोखात पाणी. पण हात घातला तर कोपरापर्यंतच गेला. विटा. फुटके दगड, चुना, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. वरपर्यंत. चौकातल्या ओट्यांचे घडीव दगड मी ओळखले. सगळा मलबा आमच्या विहिरीत लोटून वर स्लॅब टाकला होता. झाकण नुसतं नावाला.

प्रोफेसर जवळ आले. त्यांना शरम वाटलेली दिसली नाही. समजावण्याच्याच सुरात बोलले. "हे बघा वहिनी, मलबा टाकायला जागा नव्हती. आणि उघड्या विहिरी म्हणजे डास, नारूचा रोग. आज ना उद्या बुजवावीच लागली असती. आता घरात नळ आहे ना तुमच्या?"

नारू! नारू होऊ नये म्हणून काय करायचं, तर पाणी फडक्यातून गाळून प्या, असं या कॉलनीवाल्यांच्याच दवाखान्यातली नर्स दारोदार सांगत होती. आमच्या घरात ते शंभर वर्षांपासून चालू होतं. मी म्हटलं, "साहेब, तुमी झाकन ठेवतो म्हने ना?"

"ठेवलंय की," ते म्हणाले.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी खाली बघितलं. यांना माहीत होतं. महिनाभर मी घागरी वाहिल्या, आई वाळत गेली, आणि या माणसाला सगळं माहीत होतं.

एवढ्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. बाई भिंतीला धरत धरत आल्या होत्या. त्या झाकणाशी बसल्या, आत हात घातला, एक वीट चाचपली. रडल्या नाहीत. मिस्त्री चौकातच दुसऱ्या कामावर होता, गर्दी बघून आला होता, त्याला बाईंनी विचारलं, "कधी टाकलं हे?"

"पयल्याच दिवशी, बाई," तो म्हणाला. निदान तो तरी खरं बोलला.

"म्हंजे जित्या पान्यावर?"

बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. "अन् माह्या सहीनं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

घरात येऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, तेवढ्यापुरतं नळाचं पाणी चाललं. पांढरं लुगडं नेसल्या. मग मुलाला समोर बोलावलं.

"देवेंद्र, आपल्या घरी मयत झाली. बारा दिवस सुतक हाय. दुकान बंद कर. मांगचंही."

हे हसायला लागले. "बाई, इहिरीचं कधी सुतक असते काय?"

"एक मानूस मेला तं तू बारा दिवस धरतो. अथी किती मेले थे मोज, अन् मंग मले सांग."

यांचं हसू गेलं. बाई पुढे म्हणाल्या, "ज्यानं मारलं थ्यानं अन् जिच्या सहीनं मारलं तिनं, दोघाईनं धरा लागते. अन् पानी आता तू आनशीन. बहू नाई."

यांनी ऐकलं नसतं. पण तोपर्यंत गल्ली दारात जमली होती. गाव करी ते राव न करी. सासऱ्यांच्या वयाचे चार जण दुकानाच्या पायरीवर टेकले आणि मयतीच्या घरी बसतात तसे मुकाट्यानं बसून राहिले. सुरुवातीला कोणीतरी फिसकन हसलंही, नाही असं नाही. पण एकाचं बघून दुसरा आला. बायका डोक्यावरून पदर घेऊन आत येऊन बसल्या. कोणी म्हणे, माझ्या पोराला याच पाण्यानं पहिली आंघोळ घातली होती. कोणी म्हणे, दुष्काळाच्या साली सगळा चौक या विहिरीवर जगला. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसंच बोलणं. सरवरी आली आणि दाराशी थांबली. बाई म्हणाल्या, "तथी काहून उभी? तुह्याही घरचं गेलं ना?" ती आत येऊन बाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि मोठ्यानं रडली.

यांनी दोन्ही दुकानं बंद केली. ऐन मे महिन्यात, ऐन धंद्याच्या दिवसांत. रोज सकाळी धोतर नेसून, खांद्यावर घागर घेऊन रिठदच्या रस्त्यानं जायचे आणि त्याच चौकातून परत यायचे. कॉलनीचे लोक स्कूटर थांबवून बघायचे. "थँक्यू" मला त्या दिवसांत ऐकू आलं नाही.

पाचव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, प्रोफेसरसाहेब आले. त्यांच्या कानावर एवढंच गेलं होतं की पानाबाईंच्या घरी मयत झाली. पांढरा झब्बा घालून, रणरणत्या उन्हात कॉलनीपासून पायी आले होते. चेहरा लाल, कपाळावरून घामाच्या धारा. माणसं दाटीवाटीनं बसलेली बघून दारातच चपला काढल्या, हात जोडले, आणि बाईंच्या समोर येऊन बसले.

"मावशी, मला आत्ताच कळलं. फार वाईट झालं. कोण गेलं?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, रागानं नाही, ओळख पटवून घेत असल्यासारख्या. प्रोफेसरांनी रुमालानं मान पुसली, घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच मला म्हणाले, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

बारा वर्षांची सवय. आल्या माणसाला पाणी द्यायला मी गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठलेसुद्धा. बाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"सुतकाच्या घरचं पानी पीत नसतात, साहेब," त्या म्हणाल्या. "अन् गेलं कोन, थे तुमालेच मालूम हाय. तुमीच त बुजवली."

तेव्हा त्यांना समजलं. मान खाली गेली. त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. चाळीस माणसं बसली होती. त्यांतल्या एकानंही उठून शेजारच्या घरून पेला आणला नाही. ते उठले, चपला घातल्या, आणि तसेच तहानलेले भर उन्हात चालत गेले. चौक ओलांडेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.